चौकोन क्रमांक सहा

निफाडच्या पुढं, पाणथळीच्या काठाला
टँकर उलटला त्या रात्री पारा चारवर होता.
द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या,
त्यांच्या धुरात तेलाचा वास
उजाडेपर्यंत कुणाला कळला नाही.

सुकदेव बर्डेची होडी काळी झाली, मग जाळं,
मग तो स्वतः, पोटऱ्यांपर्यंत.
रॉकेलनं धुतलं, राखेनं घासलं.
म्हणाला, "निघंना. थंडीनं आत ओढून घेतलंय."

मी कॉलेजातला लॅब अटेंडंट.
वीस वर्षं काचेच्या बशा उकळतो,
कापसाची बुचं वळतो, लेबलं चिकटवतो.
पिंजारी मॅडम म्हणाल्या, चला, द्वारकेला जाऊ.
तिथल्या एका गॅरेजात चाळीस वर्षं
इंजिनांचं काळं जिरलं होतं जमिनीत.
मी खुरप्यानं माती खरवडली, डब्यात भरली.
मेकॅनिक बघत राहिला,
"खाली काही पुरलंय का, साहेब?"
मॅडम म्हणाल्या, "पुरलेलं नाही. जेवायला बसलेत."

फ्लास्कमध्ये ते जेवले खरे.
तीस अंशांची ऊब, रात्रंदिवस हलतं पाणी,
काळा तवंग आधी फाटला,
मग ताकासारखा ढवळला,
एका सोमवारी आलो तर नव्हताच.
मी घरी जाऊन बायकोला सांगितलं,
तिनं विचारलं, पगार वाढणार का?

जानेवारीत कॅन भरभरून काठावर नेले.
दोरी लावून चौकोन आखले, पाटीवर आकडे.
पहिल्या आठवड्यात मोजले तर निम्मे.
तिसऱ्या आठवड्यात मोजण्याजोगं कुणी नाही.
द्वारकेच्या उबेत वाढलेली पोरं ती,
गाळात उतरली अन् गारठून गेली.
तेलही तुपासारखं थिजलेलं,
काठीनं दाबलं तर काठीचा ठसा
दुसऱ्या दिवशीही तसाच.

सुकदेव म्हणाला, "त्यांच्यासाठी शेकोटी लावू का?
द्राक्षांना लावतात."
मॅडम हसल्या नाहीत.
"तेल आहे, बर्डे. सगळंच पेटेल."

आता माझं सांगतो.
युरिया अन् सुपर फॉस्फेट टाकायचं होतं पाचमध्ये.
सहा नुसता सोडायचा होता, तुलनेपुरता,
काही न आणता, काही न टाकता.
धुकं होतं, बोटं बधिर, पाटीवर दव.
मी सहामध्ये टाकलं. अन् बोललो नाही.

फेब्रुवारीत सहाचा रंग उतरायला लागला.
आधी कडेनं, मग मधे, कातडीवरच्या नायट्यासारखा.
मॅडम गुडघ्यांवर बसून गाळ हुंगत होत्या.
तेव्हा सांगितलं. कान लाल झाले होते माझे,
थंडीनं नव्हे.

त्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, हे इथलेच, तात्या.
आपण आणले त्यांच्याही आधीपासूनचे.
दर हिवाळ्यात याच गाळात गारठून जगलेले.
ताट तर केव्हाचं वाढलं होतं त्यांच्यापुढं,
टँकरभर.
मीठ तेवढं नव्हतं.

मग आम्ही गॅरेजची माती आणणं बंद केलं.
खत नेलं, दाताळं नेलं,
गाळ खालीवर केला की त्यांना हवा मिळते,
एवढंच. बाकी ते हळू खातात.
चार अंशांवर कोण भराभर खातं?
मी तर दहा अंशांवर भाकरीही मोडत नाही.

अहवालात लिहिलंय, सहावा चौकोन, खतप्रयोग.
चुकीचा रकाना अहवालात नसतो.
माझ्या डब्याशेजारी फ्रिजमध्ये
त्या गाळाची बाटली आहे, लेबल माझ्या हातचं.
दुपारी दार उघडलं की आधी ती दिसते.

मार्चात गेलो. सहामध्ये एक धोबी पक्षी
शेपूट हलवत चालत होता, पाय पांढुरके.
तीनमध्ये अजून काळं आहे.
सुकदेवच्या टाचेच्या भेगेतही आहे.
त्यानं काठावर वाकून पाण्यात हात घातला,
वर काढून वास घेतला,
काही बोलला नाही.
पुन्हा घातला.